वहिनींचं माहेर

दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीनं आयतं जेवावं, दुपारी तोंडावर पदर घेऊन झोपावं आणि निघताना चकल्यांचा डबा पिशवीत घालून घ्यावा, असं माझं मत होतं. मत कसलं, हक्कच मानत होते मी. नेवासा तालुक्यात सोनईजवळ आमचं गाव. लग्न होऊन पुण्याला आले, नोकरी धरली, पोरं मोठी झाली, तरी भाऊबीजेला नगरची एसटी पकडायची यात खंड पडला नाही. (आता पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो.) आईला विसरण्याचा आजार जडल्यावर या मताला आणखी एक मत येऊन चिकटलं. सणाला आई सगळ्यांच्या मधोमध बसलेली दिसली पाहिजे. लेकरंबाळं, गोतावळा, गलका हेच तिचं औषध. तिला आतल्या खोलीत कुणी बसवत असेल तर तो माणूस तिला लपवतोय.

ही दोन्ही मतं मी सोडली. सहजासहजी सोडली नाहीत, आणि कुणी समजावलं म्हणूनही नाही.

आईच्या आजाराची पहिली चाहूल लागली ती डेअरीच्या कार्डावरून. कुठल्या वेळी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, हे तिला पगाराच्या दिवसापर्यंत कार्ड न बघता तोंडपाठ असायचं. एकदा तिनं डेअरीवरच्या पोराशी भांडण काढलं, माझं सकाळचं दूध मांडलंच नाहीस म्हणून. सकाळी दूध घातलंच नव्हतं. गावानं निकाल दिला: वय झालं, चळ लागला. दादा तिला नगरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड तपासलं, कान तपासले, मन उदास आहे का ते विचारलं, कारण या गोष्टींनीही माणूस विसरायला लागतो आणि त्यावर इलाज असतो. मग मेंदूचा फोटो काढला. त्यानंतर अल्झायमर हा शब्द आमच्या घरात आला. जर्मनीतल्या अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरनं १९०६ साली हा आजार पहिल्यांदा मांडला, हे मी नंतर वाचलं. साठी ओलांडलेल्यांची देशभर पाहणी झाली आणि तिचे आकडे २०२३ मध्ये आले, तेही वाचले: शंभरात सातांहून जास्त जणांना डिमेन्शिया, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आई दोन्हीकडून त्या आकड्यात बसत होती.

वाचलं सगळं, पण दिवाळीला गेल्यावर मी वागायचे ते जुन्याच पद्धतीनं. आईला हाताला धरून बैठकीत आणून बसवायचे. मग एकेक नातेवाईक तिच्यापुढं वाकून परीक्षा घ्यायचा, "मावशी, मी कोण, वळखा बरं!" आई हसायची, पदर सारखा करायची, काहीतरी नाव घ्यायची. चुकलं की सगळे हसायचे, तीही हसायची. मला वाटायचं, किती आनंदात आहे. ती लुगड्याचा काठ बोटांत घेऊन एकसारखा पिळत असायची, ते मी बघत होते आणि बघत नव्हते.

वहिनी अशा वेळी आईला हळूच उठवून आत न्यायच्या. आतल्या खोलीत टीव्ही नाही, खिडकीला जुनं लुगडं लावलेलं. मला संताप यायचा. एका दिवाळीत मी दादाजवळ बोललेसुद्धा, की वहिनींना आईची लाज वाटते. दादा काही बोलला नाही. वहिनींनी ऐकलं असणार. आमच्या घराच्या भिंती काही फार जाड नाहीत.

दारातल्या रांगोळीचंही तेच. पूर्वी उंबऱ्यापुढं हातभर ठिपक्यांची रांगोळी निघायची. वहिनी ती तुळशीपाशी, बाजूला काढायला लागल्या. दारातलं काळं पायपुसणं उचललं. विजेच्या लुकलुकणाऱ्या माळा बंद, आकाशकंदील परसदारी. मी म्हणाले, "वहिनी, दिवाळी आहे का काय आहे?" त्या म्हणाल्या, "ताई, त्यांना रांगोळी ओलांडता येत नाही. खड्डा वाटतो." मला हे बहाणे वाटले. मग एकदा माझ्याच पोरीनं हौसेनं उंबऱ्यापुढं गडद निळ्या रंगाचा गालिचा काढला. आई दारापर्यंत आली. पाय उचलला, हवेत धरला, परत मागं घेतला. चौकटीला दोन्ही हातांनी धरून ती खाली बघत राहिली, आड बघावा तशी. डिमेन्शियात नुसतं विसरणं नसतं, डोळ्यांना दिसलेल्याचा अर्थ लावणंही बिघडतं. गडद डाग खोल वाटतो, भिंतीवर हलणाऱ्या सावलीत माणसं दिसतात. मी हे एका डॉक्टरांच्या लेखात वाचलं. वहिनींनी ते आईच्या पावलाकडे बघून ओळखलं होतं, लेख येण्याच्या कितीतरी आधी.

तरीही माझं मत हललं नव्हतं. ते हललं वहिनींच्या वडिलांमुळे.

वहिनींचं माहेर पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या कडेचं कोरडवाहू गाव. दसरा झाला की तिथलं निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. टोळ्या कारखान्यांवर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या टाकतात आणि गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हणजे बाकीच्या महाराष्ट्रात दिवाळीला माणसं घरी येतात, तेव्हा तिथली घराबाहेर असतात. त्या वर्षी धनत्रयोदशीला वहिनींचे वडील मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. भाऊ पार कर्नाटकच्या हद्दीवर उसाच्या फडात. वहिनींना जावंच लागलं. जाताना त्यांनी मला काही सांगितलं नाही, एक वही दिली. औषधांच्या वेळा, कोणती साडी नेसवायची, काय दिलं की खातात. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "पाच वाजता गोठ्याकडं न्या."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी गोठ्याकडं नेलं नाही. माझी पूजेची तयारी चालली होती. दिवस कलायला लागला तशी आई उठली. "मला घरला जायचंय. धारा काढायच्यात." आई, हेच घर. "येड्यावानी करू नको, गुरं हंबरायला लागली." मी समजावत राहिले, ती चिडत राहिली. या आजारात बऱ्याच जणांची तगमग तिन्हीसांजेलाच वाढते. उजेड कमी होतो, दिवसभराचा शीण चढतो, जिवाला कुठेतरी जायचं असतं. आपलं लक्ष्मीपूजन नेमकं त्याच घटकेला. बाहेर फटाक्यांच्या माळा फुटायला लागल्या. आईनं समईवर हात मारला. तेल सांडलं, वात विझली, एवढ्यावर निभावलं. मी तिच्यावर ओरडले. नंतर मोरीत जाऊन, नळ सोडून, रडले नाही, नुसती उभी राहिले. बाहेर यावंसं वाटत नव्हतं, हे खरं.

वहिनींना फोन लावला. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात होत्या. म्हणाल्या, "पूजा राहू द्या ताई. त्यांना घेऊन गोठ्यात जा. रिकामी बादली हातात द्या." आमच्या गोठ्यात आता दादाची मोटारसायकल असते आणि पेंडीची रिकामी पोती. आई बादली घेऊन दावणीवर टेकली. दावण हातानं झाडली. थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "झालं. चला." मग जेवली आणि झोपली. लक्ष्मीपूजन आम्ही नऊ वाजता केलं. मुहूर्त टळला असेल. लक्ष्मी रागावली असेल तर तिनं मला विचारावं.

दुसरा धडा पाडव्याच्या दिवशीचा. आई सकाळपासून वेगळीच. कोपऱ्यात माणसं बसलीत म्हणायला लागली, मधूनच गुंगीत जायची. भेटायला आलेल्या एका भावकीतल्यानं मान हलवली: आजार वाढला, आता असंच. वर सर्दी वाटते म्हणून खिशातली गोळी काढली. वहिनी फोनवर म्हणाल्या, "गोळी अजिबात देऊ नका. काल पाणी किती प्यायल्या? लघवी कितीदा झाली? वास येतोय का?" तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झालं आणि कोपऱ्यातली माणसं हळूहळू निघून गेली. हा आजार महिन्या-महिन्यांनी वाढतो. एका रात्रीत माणूस बदललं तर दुसरं काहीतरी झालेलं असतं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, कुठेतरी दुखणं, नवं औषध. आणि सर्दीच्या साध्या गोळीत क्लोरफेनिरामिनसारखं झोप आणणारं औषध असतं, ते अशा मेंदूचा गोंधळ आणखी वाढवतं. सणाच्या धांदलीत हे सगळंच घडतं. पाणी द्यायचं राहतं, गोड जास्त होतं, शौचाला जाणं चुकतं, आणि जो येतो तो वैद्य होतो.

रात्रीचं तर काय सांगू. आई दोनला उठायची आणि दाराकडं जायची. घरामागं शेताच्या कडेनं पाट जातो, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचा. दादानं दाराला वर, तिच्या नजरेच्या वर, कडी बसवली आहे. शिंगणापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथं घरांना दारं न लावण्याची रीत आहे म्हणून जगभरातून लोक बघायला येतात, आणि आम्ही दाराला दुसरी कडी लावतो. मी त्या कडीखाली चटई टाकून झोपले. झोपले म्हणजे पडले. माझी स्वतःची रक्तदाबाची गोळी त्या दिवसांत कितीदा चुकली, कुणास ठाऊक.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की डिमेन्शिया असलेल्यांना घरची माणसं सरासरी रोज पाच तास देतात आणि या कामाचे ७० टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. पाच तासांचा आकडा वाचून वहिनी हसल्या. म्हणाल्या, "बाकीचे एकोणीस कोण करतं, त्याचं नाव सांगा म्हणावं." वडिलांना घरी सोडून त्या परत आल्या तेव्हा गावातल्या आशाताईंनी त्यांचा रक्तदाब मोजला. वरचा आकडा १७० च्या पुढे. कधीपासून, माहीत नाही. मोजायला बसायला वेळ कुणाला होता? २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगानं टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली आणि ती सांभाळली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असं म्हटलं. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, ऐकू न येणं आहे, एकटेपणा आहे. आईचे कान मंदावले तेव्हा आम्ही "म्हातारपण" म्हणून सोडून दिलं होतं. आता आईला सांभाळता सांभाळता वहिनी तीच यादी पुन्हा स्वतःच्या अंगावर जमवत होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहिनींनाही भाऊ आहे. भाऊबीज त्यांचीही असते. आई आजारी पडल्यापासून त्या एकाही भाऊबीजेला पाथर्डीला गेल्या नव्हत्या. मी दरवर्षी त्यांच्या हातचं खाऊन, त्यांच्या नवऱ्याला ओवाळून, त्यांनी भरलेला डबा घेऊन पुण्याला जात होते. आणि जाताजाता आईला नीट सांभाळा म्हणून सांगतही होते.

आता आमच्याकडे वसुबारसेला मी पोचते आणि दुसऱ्या दिवशी वहिनी निघतात. दादा त्यांना पाथर्डीच्या गाडीत बसवतो. भाऊ फडात असला तर त्या कोपीवर जाऊन ओवाळून येतात. पहिल्या वर्षी भावकीत कुजबुज झाली, सासू अशी आणि सून दिवाळीत माहेरी. कुजबुजणाऱ्या चुलतीला मी म्हटलं, काकू, तुम्ही उद्या दुपारी दोन तास येऊन बसा. त्या आल्या नाहीत आणि पुन्हा बोलल्याही नाहीत. दादाला आईचं नेसवायला संकोच वाटतो, ते मी करते. रात्रीची पाळी, फिरवणं आणि भरवणं त्याच्याकडं. चिवडा आईपुढं ठेवत नाही. कोरडा, सुटा घास तिला गिळताना अडकतो. बेसनाचा लाडू दुधात कुस्करून, ताठ बसवून, थोडाच. भेटायला येणाऱ्यांनी सकाळी दहाच्या सुमारास यायचं, दोघांनीच, आणि आल्याबरोबर आपलं नाव आपणच सांगायचं. परीक्षा बंद. आतल्या खोलीची खिडकी तशीच झाकलेली आहे, आणि आता ती मी झाकते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा सिनेमा मी आईच्या आजाराच्या आधी पाहिला होता. संस्कृतचे पंडित असलेले चक्रपाणी शास्त्री हत्तीमागं चालत जातात आणि हरवतात. मोहन आगाशे शास्त्री आणि इरावती हर्षे त्यांची मुलगी. तेव्हा मी त्या मुलीसाठी रडले होते. आता मला माहुताची बायको आठवते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दारात आलेला म्हातारा कोण, कुठला, हे न ठरवताच ती त्याला जेवू घालते.

हरवण्याची भीती मला आता रोजची आहे. आईच्या चोळीला आतून दादाचा मोबाइल नंबर शिवलेला आहे. नगरजवळ शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण बायकांना आसरा देतं. पूर्वी मला वाटायचं, या बायकांना कुणीच नसणार. आता वाटतं, पाठीमागं दार उघडं राहिलेल्याही त्यात असतील. पत्ता सांगता आला नाही की बाई कुणाचीच राहत नाही.

सगळंच पटलंय असं समजू नका. आई भाऊबीजेला दारात बसून आप्पामामाची वाट बघते. मामा जाऊन वर्षं झाली. वहिनी म्हणतात, "येतील, गाडीला उशीर झाला असंल," आणि आई शांत होते. मी खरं सांगून पाहिलं होतं, तेव्हा तिनं नुकतंच कळल्यासारखा हंबरडा फोडला, आणि तासाभरानं पुन्हा विचारलं, आप्पा आला का. त्यामुळे आता मीही गाडीला उशीर झाला म्हणते. ते म्हणताना जीभ जड होते ती होतेच. आणि दुसरं म्हणजे, मला माझं माहेर हवंसं वाटतं. आयतं ताट, दुपारची झोप. ते संपलं याचा राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही. पैसे देऊन चार दिवस सांभाळणाऱ्या संस्थेत आईबापांना ठेवणाऱ्यांना मी पूर्वी नावं ठेवायचे. आता कुणी विचारलं तर एवढंच सांगते, की आधी जाऊन बघा, रात्री माणूस किती असतं ते विचारा, आणि ठेवायचं असेल तर खाली मान घालू नका.

आपल्या जिल्ह्यात अशा माणसाला सांभाळायला शिकवण्याची सोय का नसावी, हा प्रश्न मात्र मला सतावतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे याच जिल्ह्यात, जामखेडला आले आणि खेड्यातल्या निरक्षर बायकांना त्यांनी बाळंतपण, क्षय, कुष्ठरोग यांची माहिती देऊन आरोग्यसेविका केलं. त्या कामासाठी १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या बायका एवढं शिकल्या, तर रांगोळी खड्डा का वाटते आणि लघवीच्या संसर्गानं माणूस बरळायला का लागतं, हे गावोगावच्या आशाताईंना आणि बचत गटांना शिकवणं अवघड नाही. पाथर्डीकडच्या ज्या घरात आजी विसरायला लागली आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवायला चौथीतला नातू आहे, तिथं तर याची निकड आहे. तोवर हाताशी दोन फोन नंबर ठेवा: ज्येष्ठांसाठी १४५६७, आणि सांभाळणाऱ्याचं मन थाऱ्यावर राहीना तर टेलिमानस १४४१६. माणूस हरवलं तर वाट न बघता ११२.

आणि लेकींना सांगायचं ते एवढंच. घरात असं माणूस असेल तर दिवाळीच्या आधी वहिनीला फोन करा. फराळाला काय आणू, हे विचारू नका. तुम्हाला माहेरी कधी निघायचंय, ते विचारा, आणि तिनं सांगितलेल्या तारखेला तिच्या दारात हजर राहा. मी यंदाचा रजेचा अर्ज वसुबारसेपासूनचा टाकला आहे.